रोज किती किलोमीटर?

सायकलवर पसरणी घाट उतरून वाईत शिरलो की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती मारले?" मी आकडा सांगतो. 100 च्या वर असला तर माना डोलतात. 40 असला तर काका म्हणतात, "लवकर दमलास व्हय आज?" हल्ली पोरांचे आईवडीलही फोन करतात. "याला रोज किती किलोमीटर मारायला सांगू, म्हणजे मोठ्या रेस निघतील?" जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही सायकल रेस झाली तेव्हापासून हे फोन जरा जास्तच. प्रोलॉग म्हणजे सुरुवातीचा छोटा टप्पा आणि पुढचे चार टप्पे मिळून 437 किलोमीटर, तेही आपल्याच रस्त्यांवर, परदेशी रायडरांसोबत. खुमखुमी येणारच.

तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो, पण आकडा नाही सांगणार. आकड्याच्या नादानेच मी तोंडावर आपटलो होतो.

तेव्हा मी 19 वर्षांचा. आठवड्याला साडेतीनशे किलोमीटर, तेही रोज जीव काढून. त्या जोरावर तीन टप्प्यांच्या एका रेसला उतरलो. पहिल्या दिवशी पुढच्या घोळक्यात आलो. दुसऱ्याच्या चाकामागे बसलं की वारा तो अडवतो आणि आपली पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते, हे मला तोंडपाठ होतं. पण रस्त्याकडेला मित्र मोबाइल घेऊन उभे होते, त्यामुळे दोनदा पुढे जाऊन उगाच वारा खाल्ला. संध्याकाळी लॉजवर कौतुकाचे फोन. जेवणावर वासनाच नव्हती, दीड चपाती कशीबशी ढकलली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी 70 व्या किलोमीटरला बत्ती गेली. चढसुद्धा नव्हता. आधी हातांना कापरं भरलं, मग पुढच्याचं मागचं चाक दोन दिसायला लागलं, मग राग-लोभ काहीच उरलं नाही. एका रसवंतीच्या बाकड्यावर बसून तीन ग्लास उसाचा रस प्यायलो. तिसऱ्या ग्लासाला रडू फुटलं. रसवंतीवाल्या मावशींनी काही विचारलं नाही, चौथा ग्लास भरून ठेवला. शेवटपर्यंत पोचलो, पण वेळेबाहेर. टप्प्यांच्या रेसमध्ये विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्के धरून मुदत असते. ती हुकली की दुसऱ्या दिवशी सुटायचं नाही. तिसरा टप्पा सुटला तेव्हा मी एसटीत होतो.

नंतर कळलं ते एवढंच. एका दिवसाचा दम वेगळा आणि काल खर्चलेलं रात्रीतून भरून काढून आज पुन्हा निघण्याचा दम वेगळा. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण 400-500 ग्रॅम साखरेचा साठा असतो. जोरात मारलं तर दोनेक तासांत तळ दिसतो, आणि नुसत्या झोपेने तो भरत नाही. भात खावा लागतो, भूक असो नसो.

म्हणून आता माझे बहुतेक तास हळू चालवण्यात जातात. हळू म्हणजे शेजारच्याशी अख्खी वाक्यं बोलता येतील इतकं. अशा लांब, सावकाश तासांनी स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींतली मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या बारक्या भट्ट्या, वाढतात आणि शरीर चरबीवर चालायला शिकतं. साखर मग चढासाठी शिल्लक राहते. हे सगळं खरं, पण पसरणीत शाळेचं दप्तर पाठीवर घेतलेलं पोरगं तुम्हाला मागे टाकून वर मागे वळून बघतं, तेव्हा मायटोकाँड्रियाची आठवण काढत बसणं फार अवघड. मी दोनदा त्याच्या मागे लागलोय. एकदा गाठलंही.

आठवड्यात एकदाच जोराचे चढ. आणि दर तीन आठवड्यांनी सलग तीन दिवस. पहिल्या दिवशी वाई, पाचगणी, महाबळेश्वर, तिथून केळघर घाट उतरून मेढा, सातारा आणि परत वाई, सव्वाशेच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सपाटीवर चार तास. खरी गंमत तिसऱ्या दिवशी. नेहमी मिनिटाला 165 वर जाणारे हृदयाचे ठोके 150 च्या पुढे सरकत नाहीत, पाय मात्र भरून आलेले. नवख्याला वाटतं, ठोके कमी म्हणजे फिटनेस वाढला. कसला वाढतोय! तो साठलेला थकवा असतो. असा दिवस ओळखून गप घरी परतणं मला दोन वर्षांनी जमलं. त्यानंतरचा आठवडा निम्म्यावर. तूर द फ्रान्समध्ये 21 टप्प्यांमध्ये दोन दिवस सुट्टीचे, आणि त्या दिवशीही ते लोक तास-दोन तास पाय फिरवून येतात. आम्ही मात्र सुट्टी म्हटलं की एक तर आडवे, नाहीतर कुणाशी तरी पैज लावलेली.

राहिलं खाणं. यात मी सगळ्यात जास्त चुकलो आणि यावर कुणी विचारतच नाही. लांब टप्प्यात तासाला 60 ते 90 ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. मध्यम केळं म्हणजे जेमतेम पंचवीसएक ग्रॅम, म्हणजे केळ्यांवर भागत नाही. नुसतं ग्लुकोज आतडी तासाला साठेक ग्रॅमच ओढून घेतात. फ्रुक्टोजची वाट वेगळी, म्हणून दोन्ही मिळून जास्त जातं. रायडर चालवताना खातात त्या महागड्या एनर्जी जेलमध्ये हेच मिश्रण असतं. घरच्या साखरेतही ही दोन्ही अर्धी-अर्धी असतात! माझ्या बाटलीत 50 ग्रॅम साखर, मीठ आणि लिंबू. जर्सीच्या मागच्या खिशात गूळपोळीच्या घड्या, फॉइलमध्ये. फक्त पोटालाही सवय लावावी लागते. पहिले काही आठवडे कळ यायची, मळमळायचं, दोनदा उसाच्या फडात धावलोय.

टपरीवर मी अजून किलोमीटरच सांगतो, चहा गार होईपर्यंत एवढं कोण ऐकणार. घरी मात्र रात्री साडेनऊला आई ओट्यापाशी फॉइल फाडत विचारते, "उद्या किती तासांचं देऊ?"

"साडेचार."

ती पोळीच्या घड्या मोजते, एक जास्तीची घालते आणि डबा फ्रीजवर ठेवते.