तुम्ही विचारलंत म्हणून : इंग्रजीतल्या बडबड्यांच्या मागे मी का लागले

"मराठीत वटवट आहे, टकळी आहे, कुचाळक्या आहेत, चोंबडेपणा आहे. मग बोलघेवड्या माणसांसाठीचे इंग्रजीच शब्द कशाला जमवता?" लग्नात भेटलेली माणसं विचारतात, भिशीतल्या मैत्रिणी विचारतात, भाषांतराच्या कार्यशाळेतली मुलं विचारतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला : "आणि कुणी 'गॉसिप' म्हटलं की तुम्हाला एवढं का लागतं हो?" आजवर "आवड आहे" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकते.

इंग्रजीच का, तर मला मेमो इंग्रजीत मिळाला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या एका खासगी कंपनीच्या ऑफिसात मी कारकून होते. दुपारच्या सुट्टीत आम्ही बायका मागच्या स्टोअररूममध्ये डबे उघडायचो. जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांवर वर्तमानपत्र पसरायचं आणि भाज्यांची देवाणघेवाण करायची. बोलणं कशावरही असे. कुणाच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची दहावी, कुठल्या डॉक्टरकडे गेलं तर उगाच तपासण्या लावत नाहीत. एके दिवशी रिसेप्शनवरच्या मुलीला झेरॉक्स मशीनच्या काचेवर कुणाची तरी राहिलेली पगाराची स्लिप सापडली. आमच्याच ग्रेडचा, आमच्या नंतर लागलेला मुलगा. त्याच्या स्लिपवर वाहनभत्त्याचा रकाना होता. आमच्या स्लिपांवर तो रकानाच नव्हता. त्या दुपारी डबे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी आपापल्या स्लिपा घेऊन आल्या. मी त्या शेजारी शेजारी मांडल्या, पाठकोऱ्या कागदावर आकडे उतरवले आणि म्हटलं, विचारायला हवं.

विचारायच्या आत मेमो आला. कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेला, दोन प्रतींत. "यू आर इन द हॅबिट ऑफ स्प्रेडिंग गॉसिप अमंग द लेडीज स्टाफ." तीन दिवसांत खुलासा करा. पगाराचा, भत्त्याचा, स्लिपेचा उल्लेख कुठेच नाही. साहेबांनी मला समोर उभं ठेवून दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' म्हणून सही घेतली. "मॅडम, तुम्ही चांगल्या घरच्या आहात, हे तुम्हाला शोभत नाही," एवढंच म्हणाले. मी सांगायला गेले की आकडे खरे आहेत, तपासून बघा. ते म्हणाले, खरंखोटं हा मुद्दाच नाही.

त्या वाक्यावर मी आजही अडते. माझं बोलणं खोटं आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं. त्याला असं नाव दिलं होतं की खरं असण्याने काही फरक पडू नये. खुलासा मी लिहिला, आकड्यांसकट. त्यावर उत्तर आलं नाही. पण स्टोअररूममधलं वातावरण बदललं. आधी दोघी जणी आपापल्या टेबलावरच डबा खाऊ लागल्या. मग बाकीच्या. कुणी माझ्याशी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त मी जवळ गेले की बोलणं भाजीच्या चवीवर येऊन थांबायचं. रिसेप्शनवरच्या मुलीने मला जिन्यात गाठून हात जोडले, "ताई, स्लिप मला सापडली हे कुणाला सांगू नका." वर्षभरात मी ती नोकरी सोडली. भत्ता कुणालाच मिळालेला नव्हता. याच काळात पुरुष मंडळी टपरीवर तासतासभर कुणाचं प्रमोशन, कुणाची बदली यावर बोलत असत. त्याला ऑफिसात 'चर्चा' म्हणत.

मेमोतल्या त्या शब्दाचं मूळ बघायला मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीत गेले. जुन्या इंग्रजीत तो 'गॉडसिब' होता. सिब म्हणजे नातलग. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जबाबदारी घेणारा, देवाच्या साक्षीने जोडलेला आप्त. पुढे बाळंतपणाला बोलावलेल्या जवळच्या मैत्रिणींनाही तोच शब्द लागला. खोलीत फक्त बायका, बाळंतिणीसाठी गरम पेय आणि अर्थातच बोलणं. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी कोशात तीन अर्थ एकाखाली एक उभे आहेत : बाप्तिस्म्यातला पालक, सोबत दारू पिणारा दोस्त, आणि बाळंतपणाला जमलेल्या बायकांसारखी चहाड्या करत फिरणारी व्यक्ती. मदतीला धावून आलेल्या बाईचं नाव तिच्याच विरुद्ध वापरात आलेलं त्या एका नोंदीत दिसतं. ते वाचताना मला स्टोअररूम आठवली, आणि असे शब्द टिपायची वही तिथून सुरू झाली.

पुढे 'स्कोल्ड' भेटली. भांडखोर, कटकट्या बोलण्यामुळे शेजाऱ्यांची शांतता घालवणारी बाई. हा इंग्लंडच्या कायद्यातला गुन्हा होता. ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने १७६९मध्ये स्पष्ट लिहिलंय की कायद्याच्या लॅटिनमध्ये हा शब्द फक्त स्त्रीलिंगी आहे. शिक्षा म्हणजे खुर्चीत बांधून पाण्यात बुडवणं. इंग्लंडमधल्या लेम्स्टर गावात १८०९मध्ये जेनी पाइप्स नावाच्या बाईला असं बुडवलं. इंग्लंडमधली ही शेवटची नोंद मानतात. १८१७मध्ये तिथेच सारा लीकला खुर्चीत बसवून गावभर फिरवलं. नदीला पाणी कमी होतं म्हणून ती वाचली. ती खुर्ची गावच्या चर्चमध्ये अजून आहे. अमेरिकेत १८२९मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टाने ॲन रॉयल हिला याच नावाखाली दोषी ठरवलं. ती लेखिका होती, घराजवळच्या प्रार्थनामंडळाशी तिचं जोरदार वाजलं होतं. तिला दहा डॉलर दंड झाला आणि तो दोन पत्रकारांनी भरला. इंग्लंडमध्ये हा गुन्हा कायद्यातून गेला तो १९६७मध्ये. माझ्या आईचं लग्न झाल्यानंतर.

आता पुरुषांचं बघा. लंडनच्या कॉफीघरांत दिवसभर बसून ते काय करत होते? दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५च्या डिसेंबरात कॉफीघरं बंद करायचा हुकूम काढला. तिथून खोट्या आणि बदनामीकारक बातम्या पसरतात, हे त्याचं कारण. ओरड इतकी झाली की जानेवारीत हुकूम मागे घ्यावा लागला. आदल्याच वर्षी बायकांच्या नावाने एक निनावी पत्रक निघालं होतं. त्यात तक्रार होती की कॉफीघरातले सहा पुरुष आम्हा सहा जणींना गप्पांत मागे टाकतात. १७०९मध्ये रिचर्ड स्टील या लेखकाने 'टॅटलर' नावाचं पत्र काढलं. टॅटलर म्हणजे चहाडखोर. हे नाव बायकांच्या सन्मानार्थ घेतलं, असं त्याने पहिल्याच अंकात सांगितलं. पत्र पुरुषाचं, बातम्या कॉफीघरांतल्या आणि नाव आमचं. सतत "काय नवीन?" विचारत फिरणाऱ्या पुरुषासाठीही शब्द होता : 'क्विडनंक'. लॅटिनमधून घडवलेला, विद्वानाच्या तोंडी शोभेलसा. तो आज कुणाला माहीत नाही. 'गॉसिप' मात्र माझ्या भाचीच्या शाळेतल्या शेऱ्यातही आहे.

फ्रान्सिस ग्रोजचा बाजारू इंग्रजीचा कोश १७८५पासून निघत गेला. त्यात 'क्लॅक' म्हणजे जीभ, विशेषतः बाईची. पाणचक्कीच्या खडखडाटावरून आलेला शब्द. चहाला तिथे 'चॅटर ब्रॉथ', 'स्कँडल ब्रॉथ' अशी नावं आहेत. बायका एकत्र बसून जे पितात त्यालाही सोडलेलं नाही.

व्याख्यानांत मी पूर्वी ठासून सांगायचे की हे सगळं पुरुषांनी भीतीपोटी केलं. दारामागे बायका काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं, म्हणून शब्द नासवला. ते म्हणणारी मी आज समोर आली तर तिच्याशी मला वाद घालावा लागेल. जॉन्सनच्या नोंदीतला दारूचा दोस्त पुरुषही असू शकतो. जुना इंग्रज कवी चॉसर याचा जो चक्कीवाला 'जँगलर', म्हणजे बडबड्या, आहे तो धिप्पाड गडी आहे. 'विंडबॅग' आणि 'ब्लॅदरस्काइट' हे पोकळ बडबड करणाऱ्यांसाठीचे शब्द बहुतेक पुरुषांच्याच वाट्याला आले. स्कोल्डविरुद्ध तक्रारी नेणाऱ्यांत शेजारणीही असत. हे मला मान्य आहे. ती जुनी मी मात्र लगेच विचारेल : विंडबॅगला खुर्चीत बांधून कुणी बुडवलं का? तिचंही खोडून काढता येत नाही.

"पण बायका जास्त बोलतातच ना," हे वाक्य आता तरी सोडा. २००७मध्ये 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास आला. जवळपास चारशे विद्यार्थ्यांच्या अंगावर रेकॉर्डर लावून ठेवले होते. मुली आणि मुलगे, दोघांचेही दिवसाला साधारण सोळा हजार शब्द भरले.

एका व्यक्तीपुढे मात्र माझं काही चालत नाही. माझी मावसबहीण. तिचं ठरलेलं लग्न चाळीतल्या बोलण्याने मोडलं. तिला फिट येते अशी वावडी उठली. लहानपणी तापात तिला एकदा झटका आला होता, एवढ्यावरून. पुढचं स्थळ यायला फार काळ गेला आणि आलं तेव्हा तिच्या वडिलांनी मान खाली घालून बोलणी केली. माझं गॉडसिब पुराण ऐकून ती म्हणाली, "अगं, तुला एका साहेबाने गप्प केलं. मला चाळीतल्या बायकांनी बोलून बोलून संपवलं. त्यांना तू काय म्हणणार?" मी म्हटलं, ती अफवा होती, ते वेगळं. ती म्हणाली, "वेगळं कसं? त्याच बायका, तोच नळ, तेच बोलणं. आईच्या बाळंतपणात रात्र रात्र बसल्या त्याही त्याच." त्या बायकांना मी ओळखत होते. कुणाकडे रेशन संपलं की पहिली वाटी त्यांच्याकडूनच यायची, हे खरं. आणि तिच्याबद्दल घरोघर जाऊन त्याच बोलल्या, हेही खरं.

त्यांच्यासाठी 'गॉसिप' हा शब्द वापरायला तिची हरकत नाही, उलट तो तिला कमीच वाटतो. माझ्या तोंडून तो निघत नाही. आमचं यावर दर दिवाळीत वाजतं आणि या दिवाळीतही वाजेल. मेमोतल्या त्या वाक्याला मात्र मी तेव्हा खुलाशात जे लिहिलं होतं तेच आजही लिहीन : आम्ही पगाराबद्दल बोलत होतो, आकडे सोबत जोडले आहेत.