तुम्ही विचारलंत म्हणून: पायाने चालणारा लेथ

मोटर न लावता लाकूड कातता, म्हणजे ते फिरवत पटाशीने गोल घडवता येतं का, आणि असा लेथ घरी बांधता येईल का, हे वारंवार विचारलं जातं. दोन्ही जमतं. पण विचारणाऱ्यांचं लक्ष बहुतेक यंत्रावर असतं. यंत्र दोन दिवसांत उभं राहतं, खरं काम ओलं लाकूड आणि धार करतात.

आपल्याकडचा जुना कातारी जमिनीवर बसून काम करतो. लाकडाला दोरीचा वेढा देऊन धनुष्याने किंवा मदतनीसाच्या हाताने ते मागेपुढे फिरवलं जातं. एकट्या माणसाला मात्र इंग्लंडमधल्या चिल्टर्न टेकड्यांतली रीत सोयीची. हाय विकमच्या परिसरातले कारागीर विसाव्या शतकातही बीच नावाच्या झाडाच्या ओल्या लाकडातून खुर्च्यांचे पाय असेच कातत. वर लवचिक काठी, खाली पॅडल, मधल्या दोरीचा लाकडाला वेढा, आणि पटाशीसाठी दोन्ही हात मोकळे. इथे अशाच लेथचं माप देतो.

पाटासाठी, म्हणजे लेथच्या बैठकीसाठी, चार फूट लांब, चार बाय दोन इंचांच्या दोन तुळया उभ्या कडेवर ठेवा, मध्ये दोन इंचांची फट सोडा. दोन्ही टोकांना फाकलेले भक्कम पाय द्या. सेंटरची, म्हणजे ज्या दोन टोकांमध्ये लाकूड धरलं जातं त्यांची, उंची तुमच्या कोपराएवढी हवी, म्हणजे पाटाचा माथा कोपरापासून सहा इंच खाली. फटीत दोन ठोकळे बसतात. त्यांची खालची चूल, म्हणजे फटीतून जाणारी अरुंद जीभ, पाटाखाली तीन इंच बाहेर यावी आणि तिच्यातून आडवी पाचर जावी. पाचरीचं भोक दोन सूत (पाव इंच) पाटाच्या आत चढलेलं ठेवा. ते पाटाच्या खालच्या कडेला बरोबर पाडलं, तर पाचर कितीही ठोकली तरी ठोकळा आवळला जात नाही आणि पटाशी टेकताच थरथर सुरू होते.

सेंटर चार सुती सळीचे, टोक साठ अंशांना घासलेलं. एक ठोकळ्यात पक्का, दुसरा आटे असलेल्या सळीचा. त्याचा नट ठोकळ्यात बसवून मागे मूठ वाकवा. दोन्ही ठोकळे जवळ आणून टोकाला टोक भिडतं का ते बघा. सेंटर फिरत नाहीत, लाकूडच त्यांच्यावर फिरतं, म्हणून भोकात तेल किंवा मेण हवंच. किरकिर ऐकू आली की तेलाचा थेंब द्या आणि मूठ थोडी आवळा. पटाशीच्या टेकणासाठी एक सरळ फळी पुरे: सेंटरच्या रेषेला किंवा किंचित खाली, लाकडापासून दोन सूत अंतरावर.

वरच्या काठीसाठी कोकणातला माणगा बांबू उत्तम, कारण तो जवळजवळ भरीव असतो. दहा-बारा फुटांचा घ्या, जाड बुडखा पक्का बांधा आणि बुडख्यापासून तीन-चार फुटांवर एक आधार द्या. शेंड्याला तीन लिटर पाण्याची बादली अडकवल्यावर तो फूटभर लवला तर ताकद बरोबर आहे. त्याहून ताठ असेल तर अर्ध्या तासात मांडी भरून येते, मऊ असेल तर दोरी परत खेचली जात नाही. फ्लॅटमध्ये बांबूला जागा नसेल तर दोन उभ्या खांबांमध्ये सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधा.

दोरी पाच-सहा मिलिमीटरची, विणलेली पॉलिएस्टरची. नायलॉन ताणत राहतं, सुती दोरी लवकर झिजते. दोन वेढे द्या, आणि पॅडलकडे जाणारं टोक तुमच्या बाजूने खाली उतरू द्या. उलटा वेढा दिलात तर पॅडल दाबताना लाकूड पटाशीपासून दूर पळतं. दोरी एका बाजूला सरकत असेल तर काठीचा शेंडा, वेढा आणि पॅडल एका उभ्या रेषेत नाहीत.

एका दाबाला फूटभर दोरी खाली येते असं धरा. दोन इंच जाडीच्या लाकडाचा घेर सव्वासहा इंच, म्हणजे जेमतेम दोन फेरे. एक इंचाच्या जागी वेढा असेल तर जवळपास चार, पण जोर तेवढाच कमी. म्हणून खडबडीत कामाला वेढा जाड भागावर ठेवावा.

एवढ्या कमी वेगात पटाशीने खरवडून काही होत नाही, कापावंच लागतं. सुरुवातीला गोल पटाशी, सफाईला तिरप्या धारेची, धारेचा कोन पंचवीस ते तीस अंश. पॅडल खाली जाताना कापा, वर येताना पटाशी केसभर मागे घ्या, टेकणावरून उचलू नका. परतीच्या फेऱ्यात ती दाबून धरली तर धार घासून बोथट होते. सुटणाऱ्या शिलपीकडे बघत राहा. लांब फीत निघाली तर ठीक, भुसा पडला की धार लावायची वेळ झाली.

लाकूड तोडल्यावर लगेच वापरायचं. सुबाभूळ, कडुनिंब, आंबा यांच्या छाटलेल्या फांद्या चालतात. जुना वाळका साग घेऊन बसलात तर त्यातली वाळूसारखी सिलिका धार खाऊन टाकते, आणि सुरुवातीलाच माणूस कंटाळतो. गाभा मध्ये ठेवून आख्खी फांदी कातू नका, वाळताना ती हमखास तडकते. ओंडका उभा चिरून गाभ्याबाहेरची फाक घ्या, वाकसाने आठ कोनी तासा, मगच सेंटरवर चढवा. जेवढं गोल तासाल तेवढे हिसके कमी.

कातलेली वस्तू ताबडतोब उन्हात ठेवायची नाही. तिच्याच शिलप्यांत गुंडाळून आठवडाभर सावलीत राहू द्या. तरी ती किंचित लंबगोल होणारच, कारण वर्षवलयांच्या दिशेने लाकूड गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. चौरंगाच्या पायाची चूल बसवायची असेल तर आधी सूतभर जाड ठेवा, पूर्ण वाळू द्या आणि मग पुन्हा सेंटरवर चढवून मापात आणा. त्यासाठी पहिल्या वेळची सेंटरची भोकं कापून टाकू नका.