भिंतीवरचं कुत्रं

आमच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर तळहाताएवढी लाकडी ढाल दिसते. तिच्यावर कुत्र्याचं डोकं कोरलंय. कान ताठ, तोंड मिटलेलं. पाहुणे हटकून विचारतात, "वाघ-सिंह सोडून कुत्रं का टांगलंत?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ती खोद लोकांची, म्हणजे चेक देशाच्या सीमेवरच्या जुन्या राखणदारांची, खूण आहे. नोकरीमुळे चेक देशातल्या पिल्सेन शहरात होते, तेव्हा दोमाझ्लित्से गावच्या ऑगस्टमधल्या जत्रेत मी ती घेतली. दोमाझ्लित्सेजवळ, जर्मनीतल्या बव्हेरियाच्या सीमेलगत खोदांची खेडी आहेत. चेक भाषेत ‘खोदित’ म्हणजे चालणं. रानातल्या वाटांवर गस्त घालत चालायचं, सरहद्द राखायची, हेच त्यांचं काम. हातात कुऱ्हाडीच्या आकाराच्या मुठीची काठी आणि सोबत दांडगं कुत्रं. त्या बदल्यात राजाने त्यांना सनदा दिल्या. यान लक्झेंबुर्ग राजाची सनद 1325 ची आहे. राजाशिवाय त्यांना धनी नव्हता.

पण 1620 मध्ये प्रागजवळच्या बिला होराच्या लढाईत चेक सरदार हॅब्सबर्ग सम्राटाच्या फौजेपुढे हरले आणि सगळं फिरलं. 1630 मध्ये हा मुलूख 56,000 गुल्डन नाण्यांना लामिंगेर या सरदार घराण्याला विकला गेला. माणसांसकट! पिढ्यान् पिढ्या स्वतंत्र राहिलेल्यांच्या मानेवर वेठ आली. ते सनदा घेऊन दरबारी भांडले. 1668 मध्ये त्यांना हुकूम झाला: या विषयावर कायमचं गप्प बसा. हे वाचताना मला अजूनही संताप येतो.

ते गप्प बसले नाहीत, बंड केलं. त्यांचा एक पुढारी, ऊयेज्द नावाच्या खेड्यातला शेतकरी यान स्लाद्की कोझिना याला 28 नोव्हेंबर 1695 रोजी पिल्सेनमध्ये फाशी दिलं. फासाखालून त्याने तेव्हाच्या लामिंगेर सरदाराला, म्हणजे त्यांच्या बोलीतल्या ‘लोमिकार’ला, वर्ष आणि एक दिवसाच्या आत देवाच्या न्यायासनापुढे बोलावलं, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका असेल, पण लोमिकार 2 नोव्हेंबर 1696 ला वारला, ही नोंद आहे.

पुढे 1880 च्या दशकात आलोइस यिरासेक या चेक लेखकाने या बंडावर ‘प्सोह्लाव्त्सी’, म्हणजे ‘श्वानमुखी’, ही कादंबरी लिहिली आणि कुत्र्याचं डोकं चेक घराघरांत पोहोचलं. खरं तर हे मानचिन्ह कुठल्या सरदाराचं नाही, राखणदारांचं आहे. म्हणून मला ते सिंहापेक्षा मोठं वाटतं.

ऊयेज्दला मी एका रविवारी गेले. गावाजवळच्या ह्रादेक टेकडीवर कोझिनाचा पुतळा आहे, 1895 साली, त्याच्या फाशीला दोनशे वर्षं झाली तेव्हा उभारलेला. पलीकडे सीमेवरचं रान काळंभोर दिसत होतं. परतताना एका फाटकाआड कुत्रं बसलं होतं. मला पाहून उठलं, फाटकापर्यंत आलं, भुंकलं मात्र नाही. मी वळणापलीकडे जाईपर्यंत तिथेच उभं होतं.