पागोळ्यांची रेघ

६ जुलै, रविवार

आज आषाढी. उपासाचं आवरून बाल्कनीत सतरंजी घातली आणि बाहुलीघर तिथं नेऊन ठेवलं. आतलं काम संपलंय: माजघर, देवघर, चूल, माळ्यावर जायची शिडी. बाहेरून मात्र अजून कोरं प्लायवूड आहे. मला खरी काळजी बाहेरचीच होती. हे घर म्हणजे राजापूर तालुक्यातल्या मामाच्या घराची लहान नक्कल आहे आणि ते जाणार आहे मामाच्या नातीकडे, सात वर्षांच्या चिऊकडे. ती त्याच घरात राहते. आतलं चुकलं तर ती समजून घेईल, पण बाहेरची भिंत तिला पाठ आहे. कुठल्या चिऱ्याला भोक आहे आणि त्यात कुठली मुंगी राहते, हेसुद्धा.

प्रमाण एक फुटाला एक इंच. लंडनजवळ विंडसरच्या राजवाड्यात राणी मेरीचं बाहुलीघर आहे, १९२४ सालचं, तेही याच प्रमाणात. नवी दिल्लीची आखणी ज्यांनी केली त्या लट्यन्स यांनीच त्याचाही आराखडा केला होता. त्याच्या लाकडी भिंती पोर्टलंडच्या पांढरट दगडासारख्या दिसाव्यात अशा रंगवल्या आहेत. लाकडाचा दगड करायचा, हेच माझंही काम आहे. फक्त माझा दगड जांभा आहे.

दिवसभर पॉलिश पेपर. आधी १८० नंबरचा, मग २४०, शेवटी सगळ्यात बारीक ३२०, आणि घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. मग पांढऱ्या प्रायमरचा पातळ हात. प्रायमर आतून आणि बाहेरून दोन्ही बाजूंनी हवा. एकाच बाजूला रंग बसला तर दुसरी बाजू हवेतला ओलावा पीत राहते आणि सहा मिलिमीटरची पाटी वाकते. गेल्या वर्षी कपाटाच्या एका दारावर हे शिकले होते.

९ जुलै, बुधवार

जोत्याचे चिरे करतेय. मामाला फोन करून माप विचारलं. तो टेप घेऊन जोत्याशी गेला आणि फोनवरूनच ओरडला, "पंधरा लांब, सात उंच! नऊ आत गेलाय, तो तुला नको." ही मापं इंचांत, म्हणजे माझा चिरा ३२ मिलिमीटर लांब आणि १५ उंच.

अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा त्यासाठी फार चांगला. तो मुळातच खरबरीत असतो. सपाट तुकडे कापून फेव्हिकॉलने चिकटवले, दोन चिऱ्यांमधे दरज ठेवली आणि सुकायच्या आत दाभणाने जागोजाग टोचलं. जांभ्याला भोकं हवीतच. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो, आणि उन्हावाऱ्यात राहून कडक होत जातो. त्यातलं लोखंड त्याला रंग देतं, पण तो रंग एक नसतो. एकाच चिऱ्यात विटकरी, पिवळा, जांभळट असे तीन-चार डाग दिसतात. मी आधी बर्न्ट सिएनात, म्हणजे तांबूस तपकिरी रंगात, थोडा पांढरा मिसळून सगळीकडे दिला, मग स्पंजने मातकट पिवळा यलो ऑकर टिपला, आणि शेवटी गडद तपकिरी रॉ अंबर पाण्यासारखा पातळ करून भोकांत सोडला. वरचा लगेच फडक्याने पुसून घेतला, भोकांतला तसाच राहू दिला.

रंग ठीक होता, पण काहीतरी कमी होतं. गेल्या महिन्यात गावाहून आलेल्या एकाबरोबर मामाने स्टीलच्या डब्यातून अंगणातली लाल माती पाठवली होती. ती आज वस्त्रगाळ केली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि कोरड्या ब्रशने चिऱ्यांच्या कडांवर फिरवली. आई खुर्चीत बसून बघत होती. ती म्हणाली, "आता ओळख पटली."

१३ जुलै, रविवार

आज वाईट दिवस गेला.

पडवीच्या आतली भिंत चुन्याची. आईच्या लहानपणी दर दिवाळीआधी ती चुन्याने सारवत आणि चुन्यात निळीची पुरचुंडी हलवून घेत, म्हणजे पांढऱ्याला थंड झाक येई. मला खराच चुना लावायचा होता. विरवलेला चुना गाळून तीन पातळ हात दिले. ओला असताना काही दिसेना, सुकल्यावर भिंत अशी उजळली की आई उठून जवळ आली. संध्याकाळपर्यंत पोपडे सुटले. बोट लावलं की खपली हातात.

चूक माझीच होती. चुना खऱ्या भिंतीत मुरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि गिलाव्याला धरून बसतो. प्रायमर मारलेल्या प्लायवूडमधे मुरणार कुठे? त्याला धरायला जागाच नव्हती. सगळं खरवडून काढलं. रात्री मॅट पांढऱ्या इमल्शनमधे वस्त्रगाळ रांगोळी मिसळली आणि काडीच्या टोकावर येईल इतकीच निळ घातली. सपाट ब्रशने न ओढता थोपटत लावलं. त्या रांगोळीच्या कणांनी भिंतीला हाताने सारवल्यासारखा पोत आला.

"निळ किती घातलीस?" आईने विचारलं. मी काडी दाखवली. "आमची आई थोडी जास्त घालायची." मग आणखी एक काडी घातली. भिंतीच्या तळाशी कावेचा पट्टा, खऱ्या घरात हातभर, इथे दीड इंच. त्यासाठी गेरूच वापरला.

खिडक्यांचे गज हिरवे आहेत, ऑइलपेंटचे. मी मात्र मॅट ॲक्रिलिक घेतला. चकचकीत रंग लहान वस्तूवर लगेच खेळण्याचा दिसतो. शिवाय मूळ हिरव्यात थोडा पांढरा मिसळला. खरा डबा उघडून तोच रंग छोट्या वस्तूला लावला तर तो गडद आणि जड वाटतो. घर बारा पटींनी लहान झालं की रंगही थोडा लांबून बघितल्यासारखा फिका करावा लागतो. हे पुस्तकात वाचलं होतं, आज डोळ्यांनी पटलं.

२० जुलै, रविवार

कौलं. ७९२.

एका उताराला बारा ओळी, ओळीत तेहतीस, असे दोन उतार. कौलांसाठी लग्नपत्रिका जमवल्या होत्या. इतका जाड आणि ताठ कागद दुसरीकडे मिळत नाही. सतरा मिलिमीटर रुंद तुकडे, शाई संपलेल्या बॉलपेनने प्रत्येकावर दोन उभ्या खोबणी दाबल्या. मंगलोरी कौलाची खूण त्या खोबणीतच आहे, त्यांनीच एक कौल शेजारच्यात अडकतं. १८६५ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे ती कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आजोबांनी घर बांधलं तेव्हा त्यावर कुंभाराची नळीची कौलं होती, मंगलोरी नंतर आली, असं आई सांगते.

लावायची पावळीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून वर, खऱ्या छपरासारखीच, म्हणजे वरचं कौल खालच्यावर चढतं. आणि रंग एकसारखा द्यायचा नाही. भट्टीत जास्त भाजलेलं काळसर निघतं, कमी भाजलेलं नारिंगी. फुटलेल्याच्या जागी नवीन बसवलेलं वेगळं उठून दिसतं. मी पाच वाट्यांत पाच छटा केल्या आणि न बघता उचलत गेले.

चार ओळी झाल्यावर फोटो मामाला पाठवला. लगेच फोन आला.

"अगो, कौलं कसली लावतेस? तीन वर्षं झाली पत्रे घालून."

हे मला माहीत होतं. वानरांनी कौलांवर नाचून नाचून फोडली, दर मे महिन्यात कौलं परतायला माणूस मिळेना, मिळाला तर त्याची मजुरी आणि नव्या कौलांचा खर्च मिळून आंब्याचे अर्धे पैसे जात. शेवटी मामाने लोखंडी चौकट उभी करून कौलांवरच निळे पत्रे चढवले. मी दोन गणपतींना ते पाहिलेत, त्यांच्याखाली झोपलेय. आणि तरी घर करायला बसले तेव्हा हाताने कौलंच कापली.

"पोरीला कौलं आठवतात तरी का?" मामा म्हणाला. "चार वर्षांची होती ती."

फोन ठेवल्यावर आईशी बोलणं झालं. तिचं म्हणणं, कौलंच ठेव, घर म्हणजे ते. मला एकदम काही सुचेना. आईच्या मनातलं घर दिवाळीचं आहे, नुकतं सारवलेलं. माझं मे महिन्याचं आहे, धुळीने जोतं लाल झालेलं, पडवीत आंब्याची अढी लावलेली. चिऊचं घर पावसात पत्र्यांवर ताशा वाजतो ते घर आहे. आम्हा तिघींत तिथे राहणारी एकटी तीच, आणि तिचं खेळणं मी माझ्या सुट्टीसारखं रंगवत होते. हे मला बोचलं.

२७ जुलै, रविवार

कौलं पूर्ण केली. आणि पत्रेही करतेय.

मामाच्या घरात कौलं आजही आहेतच, पत्र्यांच्या खाली. मग इथेही तसंच. मामाने मोजून सांगितलं, पत्र्याला दर आठ इंचांवर उभी कडा आहे. ती माझ्या मापात सतरा मिलिमीटर, कौलाच्या रुंदीइतकीच. जाड कार्डशीटला दर सतरा मिलिमीटरवर घडी घालून कडा उभ्या केल्या, निळा रंग दिला, आणि तीन पावसाळ्यांइतका तो विटवला: राखाडीचा पातळ हात, स्क्रूच्या टोप्यांखाली गंजाचा एकेक ओघळ. चौकट सायकलच्या आऱ्यांची. ती चार खुंट्यांवर बसते आणि अलगद उचलून बाजूला ठेवता येते.

चिऊला हवं तेव्हा तिने पत्रे घालावेत, हवं तेव्हा काढावेत.

पडवीचे खांब फणसाचे आहेत. त्यांना वर्षानुवर्षं काजूच्या टरफलांचं तेल लावलंय, वाळवी लागू नये म्हणून, त्यामुळे ते जवळजवळ काळे झालेत. ते तेल हाताला पोळतं, मुलांच्या वस्तूला तर नकोच. मी अक्रोडी डाय दोनदा देऊन वर जवसाचं तेल चोळलं. जिथे येता-जाता हात लागतो तिथे, मापाने साधारण तीन इंचांवर, बारीक पॉलिश पेपर फिरवून लाकूड थोडं उघडं केलं. चार इंचांवर नाही, तीन. चिऊचा हात तिथे लागतो.

१८ ऑगस्ट, सोमवार

बाहेर धो धो पाऊस, गाड्या बंद, ऑफिसला सुट्टी. गणपतीला नऊ दिवस उरले म्हणून मी मॅट वार्निशचा स्प्रे मारायला घेतला. मारायला नको होता. पंधरा मिनिटांत कौलांवर, जोत्यावर पांढरी साय धरली. वार्निशमधलं द्रावण भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा त्या थरात अडकतो. अशा हवेत हे होणारच होतं. सहा आठवड्यांचं काम दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं आणि मी रडले.

घर आतल्या खोलीत नेलं. खिडक्या बंद, पंखा सुरू. हात लावायचा नाही असं ठरवून झोपायला जातेय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पाऊस उघडला. दुपारी हवा जरा कोरडी वाटल्यावर, आधी हेअर ड्रायर लांबून फिरवला आणि मग तेच वार्निश, अगदी पातळ, हात लांब ठेवून. नव्या थराने जुना विरघळला आणि अडकलेला ओलावा सुटला. साय डोळ्यांदेखत गेली, कौलांचे पाचही रंग परत आले. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात थोडी राहिली आहे. तिथे मी शेवाळाचा हिरवा-काळा हात देऊन टाकला. विहिरीच्या बाजूला खरोखरच शेवाळ असतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

फक्त पागोळ्यांची रेघ राहिली होती. पावळीवरून पाणी पडतं तिथे अंगणात चर पडते, माती वाहून बारीक खडे उघडे होतात, आणि उडालेल्या लाल पाण्याने जोत्याचा तळ रंगतो. त्या डागाशिवाय कोकणातलं घर जमिनीवर बसल्यासारखं वाटत नाही, ठेवल्यासारखं वाटतं. माझ्या डोळ्यांसमोर तो डाग जोत्याला चिकटूनच होता. तरी मामाला फोटो मागितला.

फोटोत जोत्याचा तळ कोरडा. जुना लाल पट्टा आहे, पण धुळीने फिकट झालेला. पत्रे कौलांपेक्षा दीड फूट पुढे आलेत, त्यामुळे पागोळ्या आता बाहेर पडतात, तुळशीच्या बाजूला, आणि तिथे नवी, खोल, ताजी लाल चर झाली आहे. तिच्यात कोणीतरी कागदाची होडी अडकवून ठेवलेली दिसली.

मग दोन्ही रेघा रंगवल्या. जोत्यावर जुना पट्टा, मातीच्या पाण्याने, वरून राखाडी धुळीचा कोरडा ब्रश. आणि घराखालच्या पाटीवर त्यापासून दीड इंच पुढे नवी रेघ: लाकूड पटाशीने जरासं खोदलं, आत डिंक, त्यावर वाळूचे चाळलेले खडे, वर ओल्यासारखी दिसणारी माती. एवढ्याच जागी चकाकणारं वार्निश दिलं.

सोमवारी रात्रीच्या गाडीने निघायचं आहे. पत्रे वेगळ्या खोक्यात, घर चादरीत. मामाने डबा परत आणायला सांगितलाय. तळाशी चमचाभर माती उरली आहे.