चिऱ्याच्या भिंतीवर हत्यारं लावायची तर

छिद्रांचा हार्डबोर्ड भिंतीला ठोकून त्यावर सगळं टांगणं व्हिडिओत झकास दिसतं. गोव्याच्या पावसात तो बोर्ड फुगतो, आकडे ढिले पडतात. आपल्याकडे आधी गंजाचा विचार करायचा, मग सोयीचा आणि शेवटी देखणेपणाचा.

हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड भराभर गंजू लागतं. त्यावर समुद्राच्या वाऱ्याचं मीठ बसलेलं असेल, तर ते ७५ टक्क्यांच्या आसपास हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याहून दमट. किनाऱ्यावरच्या कांदोळी-बाणावलीकडे मिठाचा त्रास, समुद्रापासून दूर सत्तरीकडे मीठ कमी पण भिंतीच ओल्या. म्हणून भिंतीला चिकटून काहीही ठेवायचं नाही.

चिरा, म्हणजे जांभा दगड, ठिसूळ. ड्रिलचा हॅमर (ठोके देणारी सोय) चालू ठेवून भोक पाडलं की भोक रुंदावतं, आत माती सुटते आणि रावल प्लग (स्क्रू धरून ठेवणारी नळी) गरगर फिरतो. हॅमर बंद करून बारीक बिटने सुरुवात करावी, मग १० मिमी बिट वापरून किमान १०० मिमी लांबीचा प्लग बसवावा, आणि त्याआधी भोकातली पूड फुंकून काढावी. त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे दोन उभे लाकडी खांब फरशीच्या तुकड्यांवर टेकवून सगळं वजन जमिनीवर घ्यायचं; भिंतीत फक्त वरचे दोन स्क्रू, चौकट पुढे कलू नये म्हणून. या खांबांवर १८ मिमी मरीन प्लाय, मागे दोन इंच मोकळी जागा. प्लायची खालची कड जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे वाळवीची माती चढताना दिसते. कापलेल्या कडांना रंग द्यायला विसरू नये, पाणी तिथूनच आत शिरतं.

प्लायवर ४५ अंशांत कापलेल्या आडव्या पट्ट्या मारल्या की तशाच उलट्या पट्टीचे छोटे खण हवे तिथे अडकवता येतात. पटाश्यांना लोहचुंबकाची पट्टी नको: पातं चुंबकित होतं, लोखंडाचा भुसा धारेला चिकटतो. चामड्याच्या म्यानात तर ओल धरून गंज येतोच. खाच पाडलेली लाकडी फळी बरी, धार झाकलेली पण हवा खेळती. कानशी एकमेकींना लागल्या की दात बोथट होतात, त्या वेगवेगळ्या टांगाव्यात. रंध्याच्या तळाला मेणबत्तीचं मेण घासावं. फवाऱ्याचं तेल उडून जातं. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या पान्यांना शिलाई मशीनचं तेल किंवा व्हॅसलीनचा पुसट हात द्यावा.

स्क्रू-बोल्टांचं वर्गीकरण जाडी-लांबीने सगळेच करतात. त्याआधी धातू वेगळे करावेत. साध्या लोखंडाचे आणि स्टेनलेसचे बोल्ट एकाच डब्यात राहिले तर लोखंडाचा गंज स्टेनलेसवर बसून डाग पडतात. अंगणात, गेटला, समुद्राच्या बाजूला ३१६ ग्रेडचं स्टेनलेस. त्याच्या डब्यावर खडूने नव्हे, मार्करने लिहावं, नाहीतर ३०४ आणि ३१६ नुसत्या नजरेने ओळखता येत नाहीत. झाकण पत्र्याचं नको, प्लास्टिकची बरणी घ्यावी. ती फळीखाली उलटी टांगायची तर झाकणाला दोन स्क्रू मारावेत. एकाच स्क्रूने झाकण बरणीबरोबर फिरत राहतं. बोल्टच्या डब्यावर पान्याचं मापही लिहून ठेवावं: एम ५ ला (म्हणजे ५ मिमी जाडीच्या बोल्टला) ८ मिमी, एम ६ ला १०, एम ८ ला १३. एम १० नव्या मानकाचा असेल तर १६, जुन्या मानकाचा असेल तर १७.

मोजपट्ट्या, गुण्या, ड्रिल बिट यांना बंद कपाट हवं. त्यात जुन्या धाटणीचा तारेचा झिरो बल्ब लावावा. नाव झिरो, पण १२-१५ वॅट खातो, आणि तेवढ्या उबेने आतली हवा कोरडी राहते. एलईडीचा झिरो इथे कुचकामी, तो गरमच होत नाही. बल्बपासून वीतभर अंतरात काहीही ठेवू नये आणि त्या कपाटात थिनर, पॉलिश किंवा तेलाचे बोळे मुळीच नकोत. जवसाच्या तेलाचा बोळा गोळा करून टाकला तर आपोआप पेट घेऊ शकतो. तो पसरून उघड्यावर वाळवावा किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवावा. सिलिका जेलच्या पुड्या हव्या तर ठेवाव्यात, पण निळे दाणे गुलाबी झाले की १२० अंशांवर दोन-तीन तास भाजावे लागतात. ऐन श्रावणात कपाट दिवसातून दहादा उघडलं, तर त्याही फार टिकत नाहीत.