नाल्याकडेची नाचण

आमच्या बिल्डिंगमागे नाल्याला लागून घाणेरी आणि बोरीचं दाट जाळं होतं, मागच्या महिन्यात एका सकाळी जेसीबी आला आणि दुपारपर्यंत सगळं सपाट. आता तिथे ओळीत रोपं लावणारेत म्हणे. लावा ना, झाडं कोणाला नको आहेत, पण त्या झुडपात नाचण राहायची हो!

चिमणीएवढं अंग, काळपट राखाडी रंग, भुवई आणि गळा पांढरा, छातीवर पांढरे ठिपके. शेपूट लांब, सारखी पंख्यासारखी उघडते नि मिटते. एका फांदीवर दोन सेकंद टिकत नाही, इकडे वळ, तिकडे वळ, गिरकी घे... आणि हा नुसता नाच नाहीये, शेपूट अशी फाकवली की पानाआड दडलेल्या माश्या-डास दचकून उडतात आणि ही त्यांना हवेतच टिपते. हिच्या शास्त्रीय नावातला रिपिड्युरा पण ग्रीकमधून आलाय, पंख्यासारखी शेपूट. आधी हिला पांढऱ्या गळ्याच्या नाचणीचीच पोटजात धरायचे, ती हिमालयापासून पार इंडोनेशियापर्यंत डोंगरातल्या जंगलांत असते. आपली ही ठिपकेवाली आता वेगळी जात मानतात, आणि ती फक्त भारतातच सापडते. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर चढताना झाडीत ही मला बऱ्याचदा दिसलीय, पण घराच्या मागे रोज दिसणं म्हणजे काय सुख असतं ते कसं सांगू!

गेल्या जूनमध्ये त्याच घाणेरीत तिचं घरटं होतं. माझ्या छातीइतक्या उंचीवर, बेचक्यात, कटिंगच्या ग्लासाएवढी वाटी, बारीक काड्यांची आणि बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं अशी लिंपलेली की हातानं घोटून काढल्यासारखी वाटावी. आत तीन अंडी. नर-मादी आळीपाळीनं बसायचे, मी बाल्कनीतून दुर्बिणीनं बघायचो. एकदा भारद्वाज खालून सरकत आला तर दोघंही चक् चक् करत थेट त्याच्या अंगावर, केवढा तो आणि केवढ्याशा ह्या, पण पळवलाच त्याला.

घरटं इतकं खाली असतं म्हणून तर झुडूप लागतं तिला. नवीन रोपांना तसं दाट व्हायला किती पावसाळे जातील? आणि आपण झुडपाला सरळ कचरा म्हणतो, याचा मला खरंच त्रास होतो.

पुलापलीकडे घाणेरीचा एक पट्टा अजून उरलाय. परवा पहाटे तिथून तिची ती चढउताराची शीळ आली, माणसानं वाजवल्यासारखी. रविवारी रोपं लावायला मंडळी येणारेत, तेवढा पट्टा राहू द्या असं सांगायला मी जातोय. कुणाला यायचं असेल तर साडेसहाला पुलावर या.