वाटेवरचा माल

सप्लाय चेन मॅनेजमेंट म्हणजे ट्रक, गोदामं आणि खरेदीचे भाव, एवढ्याच समजुतीवर मी त्या वर्गात जाऊन बसले. पहिल्या दिवशी व्याख्या उतरवून घेतल्या. खरं शिकले ते दुसऱ्या दिवशी, ‘बिअर गेम’ खेळताना.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या गटानं १९६०च्या सुमारास हा खेळ तयार केला. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना असे चार जण. बोलायला बंदी, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. मागवलेला माल काही आठवड्यांनी येतो. पेटी पडून राहिली तर खर्च, ऑर्डर थकली तर त्याच्या दुप्पट.

मी वितरक होते. हाताशी १२ पेट्या, आठवड्याला ४ची मागणी. मग घाऊक विक्रेत्याच्या चिठ्ठ्यांवरचे आकडे वाढू लागले. माझा साठा संपला, न पुरवलेल्या ऑर्डरची थकबाकी चढली. मी २० मागवल्या. माल येईना म्हणून ३० मागवल्या. कारखाना सांभाळणाऱ्या मुलीचा मला खरोखर राग येत होता. आणि मग सगळा माल एकदम येऊन आदळला, तेव्हा चिठ्ठ्यांवर शून्य होतं.

शेवटी ग्राहकांचा कागद उघडला. पाचव्या आठवड्यात मागणी ४वरून ८ झाली होती, आणि पुढे शेवटपर्यंत ८च. मी कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

यालाच बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. चाबकाची मूठ जराशी हलली तरी टोक केवढं तरी उसळतं. संशोधक हाऊ ली आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये त्याची चार कारणं मांडली: आलेल्या ऑर्डरवरूनच मागणीचा अंदाज बांधणं, ऑर्डर साठवून एकदम देणं, भावातले चढउतार, आणि टंचाईच्या भीतीनं जास्तीचं मागवणं. माझी चूक मात्र एमआयटीचेच प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी १९८९मध्ये याच खेळातून दाखवलेली निघाली. आधीच मागवलेला, वाटेवर असलेला माल खेळाडू हिशेबात धरतच नाहीत.

दुसऱ्या फेरीत मी कागदावर एक रकाना वाढवला. हातातला साठा अधिक वाटेवरचा माल, त्यातून थकबाकी वजा. ही बेरीज ठरवलेल्या पातळीच्या जेवढी खाली जाईल तेवढंच मागवायचं. थकबाकी चढली तेव्हा हात शिवशिवत होता, पण १०च्या वर एकही चिठ्ठी लिहिली नाही.

आता कामावर खरेदीचा तक्ता उघडला की माझी नजर आधी त्याच रकान्याकडे जाते.